ताट बोललं

अण्णासाहेब मगदूम जेवायला बसले की आधी कुरकुर, मग भाजी. किमान मजुरी वाढली आणि आक्काताईंच्या खानावळीतलं ताट दहा रुपयांनी महागलं, तेव्हापासून घासागणिक एकच पालुपद. "या शेवंताच्या पगारापायी आमचं जेवण महागलं. काढा तिला. चपातीचं मशीन मी बघून देतो."

शेवंता मान खाली घालून लाटत राहायची. तिच्या चपात्या आताशा फुगतही नव्हत्या.

आज नव्या कायद्याची नवी ताटं आली होती. किंमत का वाढली, ते ताटानंच सांगायचं. अण्णासाहेबांनी पहिला घास मोडला तशी ताटाची कड बोलली, "वाढ दहा रुपये. मजुरीचे दोन. जागेच्या भाड्याचे आठ."

सगळ्यांचे हात थांबले. जागा मगदुमांचीच होती. मजुरी वाढली, आता सगळंच महागणार, म्हणत त्यांनी गेल्याच महिन्यात भाडं वाढवलं होतं.

"ताट बिघडलंय," ते पुटपुटले.

आक्काताईंनी तव्यावरची टम्म फुगलेली चपाती उचलली आणि त्यांच्या ताटात टाकली.

"भरल्या ताटावर बसलेल्या माणसाला बोलायचं नाही, म्हणून महिनाभर गप्प होते. आता ताटच बोललं. अण्णा, दोन रुपयांत शेवंता गरम चपाती वाढतीय. आठ रुपयांत तुम्ही या ताटात काय वाढलंत? ती कुठं जात नाही. गुमान जेवा, आणि उठताना चपाती चांगली होती म्हणून तिला सांगून जा."