उत्तम चाललंय

"मस्त," डॉक्टर म्हणाले, आणि टेबलावर आडव्या पडलेल्या तात्यांनी मनातल्या मनात देवाचा धावा सुरू केला.

हृदयाच्या तुंबलेल्या वाहिन्या मोकळ्या करायच्या या खोलीत तात्या केस पिकेपर्यंत तंत्रज्ञ होते, अजूनही आहेत. इथला पेशंट जागा असतो. वाईट शब्द कानावर पडला तर तो घाबरतो, म्हणून तात्यांनीच एक बोली रुजवली होती. 'छान' म्हणजे रक्त अडखळतंय. 'मस्त' म्हणजे थांबलं. 'उत्तम' म्हणजे बाहेर नातेवाईक कोण बसलंय ते बघा. बोली इतकी अंगवळणी पडली होती, की आजचा पेशंट कोण आहे हे कुणाच्याच ध्यानात राहिलं नाही.

मनगटातून शिरलेली बारीक नळी गुठळीपर्यंत पोचली होती. गुठळी बूच मारल्यासारखी बसली होती. डॉक्टर सिरिंजने ओढत होते, ती हलत नव्हती. तात्यांच्या छातीवर कुणी तरी कपाट आणून ठेवलं होतं, भरलेलं.

"उत्तम," डॉक्टर हळूच म्हणाले. "उत्तम चाललंय."

सिस्टर 'उत्तम, उत्तम' म्हणत दाराकडे पळाली. बाहेरून तात्यांच्या बायकोचा आवाज आला, "उत्तम ना? देव पावला हो!"

अगं बाई, हसू नकोस, तात्यांना ओरडायचं होतं. पण छातीवरचं कपाट श्वासही पुरता घेऊ देत नव्हतं. आजवर अशा किती बायकांना आपण हसवून ठेवलं, हे आठवायला त्यांनी सुरुवात केली आणि लगेच सोडून दिलं.

सिरिंज पुन्हा ओढली गेली. काही तरी काळपट, लिबलिबीत ताटलीत पडलं. छातीवरचं कपाट एकदम उचललं गेलं. संपताना असंच हलकं वाटत असणार, तात्यांनी ताडलं.

"छान!" डॉक्टर ओरडले. "तात्या, मस्त! अहो, उत्तम!"

तात्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "साहेब," ते कसेबसे म्हणाले, "हिला तेवढं नीट सांगा."

डॉक्टर चक्रावले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. रक्त सुरळीत धावत होतं. मग तात्यांकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. चांगले शब्द तर सगळे खर्ची पडले होते. ते तात्यांच्या कानाशी वाकले आणि खेकसले,

"पुढच्या महिन्यात मुकाट्याने ड्यूटीवर यायचं. आणि यंदा एकही रजा मिळणार नाही, आधीच सांगून ठेवतो!"