रक्ताचा कल

आठव्या महिन्यातल्या रत्नमालाचं रक्त लॅबमधल्या दीपानं काढून घेतलं. बाळंतपणात जिवाला धोका आहे का, हे त्या रक्तावरून आधीच कळणार होतं. कापूस वेचून बोचकारलेल्या बोटांनी पदर सावरत रत्नमाला नवऱ्याबरोबर ढाणकीच्या एसटीकडे गेली.

दुपारी रिपोर्ट वाईट आला. दीपानं रक्ताची नळी उचलली. नळी सरळ होती, पण आतलं रक्त एका बाजूला चढलं होतं. तिनं नळी फिरवली. रक्त पुन्हा त्याच बाजूला, ढाणकीच्या रस्त्याकडे चढलं.

तिनं घाईनं रत्नमालाच्या नवऱ्याला, संघदीपला, फोन लावला. "तिला लगेच परत घेऊन या."

"आमी गाडीत आहो, म्याडम. माह्या खांद्यावर झोपली ते."

"उठवा तिला!"

नळीतलं रक्त हळूहळू वळलं आणि लॅबच्या दाराकडे चढलं.

फोनमध्ये संघदीप हाका मारत होता. "रत्ने, ऊठ. ऊठ ना वं." मग त्याचा आवाज फाटला. "म्याडम, हे उठूनच नाही राह्यली."

बाहेरून कोणीतरी दार हळूच ढकललं.

"म्याडम," रत्नमालाचा आवाज आला, "मले बलावलं का?"