सनईच्या पोटातले माप

जे डोळ्यांना दिसत नाही, त्याचे माप अंदाजाने सांगणे हेही असत्यच होय. शके अठराशे चोपन्नच्या वैशाखात सोलापुरात सनईवादक कुंडलिकाच्या लेकीचे लग्न ठरले आणि त्याच्या साथीदार भावाची सनई तडकली. कुंडलिकाच्या सनईची हुबेहूब जोडी घडवायची, तर तिच्या पोकळीचा ठसा हवा होता. “गंधक वतूया, ते आकसत न्हाय,” लाकूड कातून वाद्ये घडवणारा कातारी महिपती म्हणाला. “तापल्या गंधकानं लाकूड करपंल की! बाची सनई हाय,” कुंडलिक म्हणाला. “मग मेण?” “निवताना आकसंल, सूर ढळंल.” “तुमचं हुईस्तवर नवरी नांदायला जाईल!” महिपतीची कारभारीण बोलली. शेवटी आकसू नये म्हणून मेणात राळ मिसळली, ठसा सुटावा म्हणून पोकळीला करडईचे तेल लावले आणि मिश्रण थोडेथोडे ओतले. ठसा अखंड निघाला. त्याच मापाने महिपतीने नवी सनई कातली. मांडवात दोन्ही सनया एकदम वाजल्या. डोळे मिटून बापाची सनई ओळखणारी लेक गोंधळली आणि खुदकन हसली. अशा हातांना उदंड आयुष्य लाभो.