दिवाणखान्यातली काळी भिंत

"अंधाऱ्या दिवाणखान्याला कोणी काळा रंग देतं का?" सुधन्वाराव कडाडले. शेजारी टॉवर उभा राहिल्यापासून त्यांच्याकडे भरदुपारीही दिवा लागायचा. शेडकार्डातला मोतिया त्यांनी केव्हाच पक्का केला होता.

"हा डबा केतकीने पाठवलाय, अहो. याच्याच जोडीचा रंग तिने तिथल्या खडकाला लावलाय. तिथलं ऊन इथे उतरणार म्हणे," दमयंतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी रंगाऱ्याला तोच डबा उघडायला लावला.

केतकी, त्यांची लेक, चंद्रावरच्या तळावर नोकरीला होती.

आठवडाभर भिंत काळीकुट्टच राहिली. सुधन्वाराव मुद्दाम तिच्याकडे पाठ करून पेपर वाचत.

मंगळवारी सकाळी त्यांच्या पेपरवर ऊन पडलं. ते वळले. अख्खी भिंत लखलखत होती. चंद्रावर सूर्य उगवला होता.

मग त्या उजेडात एक सावली सरकत आली. गोल शिरस्त्राण, जाडजूड पोशाख. छतापर्यंत उंच होऊन ती थांबली आणि तिने हात हलवला.

सुधन्वारावांनी पेपर बाजूला ठेवला.

दमयंतीबाई स्वयंपाकघरातून मुठींत मीठ-मोहरी घेऊन आल्या आणि सावलीवरून ओवाळू लागल्या.

"तिला दिसणार नाहीस गं तू," सुधन्वाराव हळूच म्हणाले.

"दृष्ट काढायला तिला कशाला दिसायला हवं?"

ओवाळून होईपर्यंत सावली जागची हलली नाही. सुधन्वाराव उठले आणि कितीतरी वर्षांनी त्यांनी दिवसाढवळ्या दिवाणखान्यातला दिवा बंद केला.