दोन घासांमधलं अंतर

काटा विमानाच्या तेवीस किलोच्या मर्यादेपुढे सरकला, तशी अस्कालेचनं आपली पिठाची पिशवी बॅगेतून परत उचलली.

"राहू द्या, गाशे," वडीलधाऱ्या पुरुषाला हाक मारतात तशी हाक मारून ती म्हणाली. "तुमचीच बॅग भरलीय."

अदिस अबाबाहून कुणी अमेरिकेला निघालं की अख्खी गल्ली त्याच्या बॅगेत आपापली पुडी कोंबते. म्हाताऱ्या वर्कूच्या बॅगेत सकाळपासून सात घरांचं तिखट जाऊन बसलं होतं. अस्कालेच तर या गल्लीतलीही नव्हती. चर्चमध्ये कुणी सांगितलं, म्हणून दोन बस बदलून आली होती. तिची लेक मेअझा चार दिवसांपूर्वी वॉशिंग्टनला बाळंत झाली होती. बाळंतिणीला जवाच्या पिठाचं घट्ट गेनफो घाटून, मधोमध लोणी सोडून आईनं खाऊ घालायचं. आईला व्हिसा नाकारला होता. निदान पीठ तरी तिच्या हातचं जावं, एवढंच तिला हवं होतं.

वर्कूनं बॅगेतला जाडजूड कोट ओढून काढला आणि अंगात चढवला.

"ठेव पिशवी."

काटा तेवीसवर थांबला.

"या उन्हात कोट?" त्याची बायको त्सिगे म्हणाली. "लोक म्हणतील, म्हाताऱ्याला हुडहुडी भरलीय."

"म्हणू देत. अंगावरचं कुणी तोलत नाही."

"किती लांब आहे हो?" अस्कालेचनं विचारलं.

"साडेअकरा हजार किलोमीटर, सतरा तास. वॉशिंग्टनच्या माझ्या पोरानं फोनवर तीनदा सांगितलं, घाबरू नका. तेव्हापासून घाबरलोय." त्यानं कपाळावरचा घाम पुसला. "पण पिशवी मी स्वतः नेऊन देईन, तिच्या हातात."

ना ओळख ना पाळख, आणि हा माणूस अस्कालेचसाठी कोटात उकडून निघत होता. ती त्याच्या गुडघ्याला ओठ लावायला वाकली. त्यानं घाईघाईनं तिला उठवलं.

त्सिगेनं इंजेराच्या आंबूस धिरड्याचं ताट आणून मधे ठेवलं. अस्कालेचनं एक तुकडा तोडला, रश्शात बुडवून नीट गुंडाळला आणि वर्कूच्या तोंडाशी नेला. त्यानं आ केला. घास चांगला मोठा होता, चावता चावता त्याचे डोळे पाणावले. गिळून झाल्यावर त्यानं पुन्हा तोंड उघडलं. आमच्याकडे घास भरवणारा एकावर थांबत नाही. एकावर थांबला तर मनात काहीतरी अढी आहे, असं समजतात.

अस्कालेचनं हात धुवायला घेतले.

"अगं, दुसरा?" त्सिगेला राहवलं नाही.

"दुसरा मेअझा भरवेल," अस्कालेच म्हणाली. "मी तिला फोनवर सांगते, गाशेंचा एक घास राहिलाय."

वर्कूनं तोंड मिटलं. मग कोटाचं वरचं बटणही लावून टाकलं.