सात पिढ्यांची चाल

वडनेरच्या भजनात तुळशीरामबुवांनी स्वतःची चाल लावली, की लोकांना हमखास तंबाखू आठवायची. म्हणून लेक गेल्यानंतर बांधलेली चाल त्यांनी अठ्ठ्याहत्तर साली पुतण्याच्या सिंथेसायझरवर, म्हणजे गावाच्या भाषेत विजेच्या पेटीवर वाजवली, तेव्हा आधीच सांगून टाकलं, "मेहकरकडची हाय. सात पिढ्यांची जुनी." त्या दिवशी तंबाखूची चंची उघडायचं कोणाला सुचलं नाही. शेषराव पाटलांनी तर डोळे पुसले.

बघता बघता चाल नांदुऱ्यापासून मलकापूरपर्यंत पोचली. लेकीचं नाव मात्र कुठंच नाही, हे बुवांना आतून खाऊ लागलं. शेवटी भर सप्ताहात ते उभे राहिले. "चाल माही हाय. शकू गेली, तवा बांधली मी."

"काही लाज हाय का नाही बुवा?" शेषराव भडकले. "माहा आजा हेच गाये! देवाच्या चालीवर आपलं नाव टाकता?"

मंडळींनी माना डोलावल्या. एव्हाना ज्याला त्याला आपापला आजा गाताना आठवत होता.

बुवांनी बायकांच्या बाजूला पाहिलं. चाल बांधताना त्यांची बायको अन्नपूर्णाबाई रोज त्यांच्या शेजारीच बसून असत. "तू तरी सांग वं यायले."

अन्नपूर्णाबाईंनी डोळ्याला पदर लावला.



"लोकायसंग काऊन भांडता? जुनीच हाय थे. शकूले निजवाले मी हेच तर गात होती."