चित्र अडकतं

"मेमरी सोळा जीबीची टाकून घेऊ की आठची?" दोंकाने विचारलं आणि पर्स काउंटरवर ठेवली.

क्रुमने लॅपटॉप पालथा घालून मागचं झाकण केव्हाच काढलं होतं. बल्गेरियातल्या या विदिन गावात संगणक दुरुस्त करणारा आता तो एकटाच उरला होता. बाकीचे स्पेन-जर्मनीत जाऊन ट्रक चालवत होते.

"मावशी, हे यंत्र म्हातारं झालंय. हल्लीची मेमरी याच्या खाचेत बसतच नाही. याच्या काळातली कोरी सोळाची हवी तर सोफियाहून मागवावी लागेल, नव्वद लेवा. माझ्याकडे एका मोडलेल्या लॅपटॉपची आठची पट्टी आहे. पंचवीस."

"भंगारातली?"

"तपासलेली आहे, नाक मुरडू नका. आधी सांगा, होतं काय नेमकं?"

"चित्र अडकतं. रविवारी बोयानशी बोलत असते, व्हॅलेन्सियाला असतो ना तो, तर मध्येच उघड्या तोंडाने थिजतो. आवाजही जातो."

"सारखंच होतं?"

"छे! शेजारणीच्या कागाळ्या सांगते तोवर झकास चालतं. तासभर हसतो पोरगा. महत्त्वाचं बोलायला गेलं की या मेल्याला धाप लागते." तिने लॅपटॉपकडे बोट दाखवलं. "शेवटी शेवटी दमत असेल."

क्रुमने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"तेव्हा माऊसचा बाण हलतो?"

"हलतो की."

"आणि कोपऱ्यात तुम्ही दिसता, ते चित्र?"

"मीही हलते. कपाळाला हात लावलेली दिसते."

क्रुमने लॅपटॉप थोडा बाजूला सरकवला. मग म्हणाला, "दोष त्या बाजूला असेल, मावशी."

"त्याचा लॅपटॉप कोरा आहे, नाताळात घेतलेला. आपलंच नाणं खोटं, दुसऱ्याला कशाला बोल लावायचा? सोळाचीच मागव."

दोंकाचा नवरा, आसेन, याला जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होणार होतं. मातीला बोयान आला नाही. विमानाचं तिकीट मिळालं नव्हतं. चाळिसाव्या दिवसाच्या विधीला सुट्टी नव्हती. सहा महिन्यांना दोंकाने एकटीनेच मृताच्या नावाने वाटायचे गहू शिजवले आणि रीतीप्रमाणे एकटीनेच दारावर नवऱ्याच्या फोटोचा स्मरणाचा कागद चिकटवला. तेव्हापासून तिला रडू येईना की हसू येईना. सकाळ झाली की उठायचं, एवढंच.

आता वर्षाचा कागद छापायचा होता. त्यावर कबरीपाशी जमायचा दिवस लिहावा लागतो. छापखानेवाल्याने दोनदा विचारलं होतं. बोयानला जमेल तो शनिवार धरायचा, त्याला एकदा बापाच्या कबरीपाशी उभं राहिलेलं बघायचं, बाकी तिला काहीच नको होतं. पण "कधी येतोस?" म्हटलं की चित्र अडके, आणि थोड्या वेळाने फोनवर निरोप येई: लाईन गेली आई, पुढच्या रविवारी बोलू.

"आठची पुरे," क्रुम म्हणाला. "माझं ऐका. नव्वद घालवू नका. उपयोग नाही झाला तर पट्टी परत आणा, पैसे देईन."

"असं दुकान चालवलंस तर तूही जाशील ट्रक चालवायला."

क्रुम हसला नाही. त्याने पट्टी खाचेत दाबली आणि झाकण लावून दिलं.

रविवारी लॅपटॉप चुटकीसरशी सुरू झाला. एरवी बटण दाबून ती कॉफी करून यायची. आज खुर्चीत नीट बसायच्या आत बोयान समोर हजर. नेहमी त्याच्या मागे पांढरी भिंत असे. आज तिथे रंगकाम चालू होतं म्हणून तो स्वयंपाकघरात बसला होता.

"आई, किती स्पष्ट दिसतेस! सुरकुत्या मोजता येतायत."

"मोज. निम्म्या तुझ्यामुळेच आहेत."

तो खो खो हसला. मग शेजारीण झाली, पाण्याचं बिल झालं, डॅन्यूबचं पाणी किती चढलं तेही झालं. चित्र एकदाही अडखळलं नाही. पंचवीस लेवा सार्थकी लागले असं दोंकाला वाटलं. तिने कॅलेंडर पुढ्यात ओढलं.

"बोयान, बाबांच्या वर्षाला कोणता शनिवार धरू? बारा तारीख की एकोणीस?"

बोयानने तोंड उघडलं. हात कानाकडे निघाला आणि अर्ध्यावरच थांबला. आवाज गेला.

दोंका वाट बघत राहिली. ओठ हलेनात, पापणी लवेना. सोळाचीच घ्यायला हवी होती, ती मनात म्हणाली. तिला वाईटसुद्धा वाटलं नाही. ती नुसती पडद्याकडे बघत राहिली.

तेवढ्यात त्याच्या खांद्यामागे, शेगडीवरच्या पातेल्यात, पांढरा फेस काठाशी आला.

"अरे, दूध!" दोंका सवयीने ओरडली.

बोयानने झटकन मागे वळून शेगडी बंद केली.